ओला क्लच

पगारे मिस्त्रींना नेदरलँड्समध्ये येऊन अकरा दिवस झाले होते, आणि अकराही दिवस त्यांनी शेडकडे पाठ करून चहा घेतला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड सरळ समोर दिसायची. सूनबाई कप खिडकीशी ठेवायची आणि मिस्त्री तो उचलून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसायचे. तीही तिकडे बघत नव्हती.

मिस्त्रींचं नाव बळवंत, पण नाशिकच्या एसटी वर्कशॉपात चौतीस वर्षं काढल्यावर त्या नावानं हाक मारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. रिटायर झाल्यावरसुद्धा डेपोतली पोरं फोनवर गाडीचा आवाज ऐकवायची आणि विचारायची, "मिस्त्री, काय असेल?" मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे आणि गाडी न बघता दोष सांगायचे. दहातल्या नऊ वेळा तो बरोबर निघायचा. उरलेल्या एका वेळी ते फोन करणाऱ्यालाच झापायचे, आवाज नीट ऐकवला नाहीस म्हणून. चूक आपली असू शकते हा विचार त्यांच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता, आणि शिरावा असं कोणाला वाटलंही नव्हतं.

केतन त्यांचा एकुलता एक मुलगा. वाखनिंगनच्या विद्यापीठात पिकांच्या रोगांवर संशोधन करायचा. निशिगंधा लग्नानंतर डिपेंडंट व्हिसावर आली, दोन वर्षं घरात बसून कंटाळली, आणि मग दोघांनी ऱ्हाइनच्या बांधापलीकडे थोडी जमीन आणि तिला लागून असलेलं छोटं घर भाड्यानं घेतलं. प्लास्टिकच्या दोन लांबलचक बोगद्यांत मेथी, भेंडी, गवार, आंबाडी. शनिवारी दूरच्या हूफडॉर्प गावापासूनची मराठी मंडळी भाजी न्यायला यायची. आंबाडीची जुडी हातात घेऊन एक बाई रडलीच, हे केतननं फोनवर हसत हसत सांगितलं होतं. जमिनीच्या कामासाठी त्यानं जपानहून आलेला एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला होता.

तोच ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. गेल्या जानेवारीत केतन त्याच्याखाली गेला.

झालं ते असं. थंडी उणे पाच. ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर शेडच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. निशिगंधा ट्रॅक्टर मागे घेत होती आणि केतन रोटाव्हेटरपाशी उभा राहून हातानं खुणावत होता. त्यानं "थांब" म्हटलं. तिनं क्लच दाबला. तो जोडणीची पिन बसवायला मध्ये वाकला. आणि ट्रॅक्टर मागे येतच राहिला.

विमा कंपनीचा माणूस दोन आठवड्यांनी आला. त्यानं ट्रॅक्टर एका गरम गॅरेजात नेला, चांगला अर्धा तास चालवला आणि मग तपासला. क्लच ठीक, ब्रेक ठीक. अहवालात एक ओळ लिहून तो गेला: चालकाची चूक. ती ओळ डचमधून मराठीत येईपर्यंत तिचे तीन शब्द झाले. निशिगंधाचा पाय सुटला.

व्हिसा वेळेत मिळाला नाही, म्हणून मिस्त्रींनी आणि त्यांच्या पत्नी राधाबाईंनी मुलाचे अंत्यसंस्कार नाशिकला मोबाइलवर बघितले. सून स्क्रीनवर दिसली तेव्हा राधाबाईंनी तिला एवढंच विचारलं, "पाय कसा सुटला गं तुझा?" निशिगंधा स्क्रीनसमोरून बाजूला झाली. त्यानंतर दहा महिन्यांत राधाबाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मिस्त्री इकडे यायला निघाले तेव्हा त्यांनी मुलाच्या फोटोपुढे लावायला मेणबत्त्या आणि अगरबत्त्या दिल्या. सुनेसाठी चिवड्याची पुडीसुद्धा दिली नाही.

आणि खरं सांगायचं तर मिस्त्रींच्याही मनात राग होता. ते तिच्याशी नीट बोलायचे, भाजी चांगली झाली म्हणायचे, पण तिच्या पायांकडे नजर गेली की ती तिथून काढून घ्यायचे. निशिगंधाला ते कळत होतं. तिचा स्वतःचाच स्वतःवर विश्वास उरला नव्हता, तर ती सासऱ्याला काय सांगणार? जमिनीचा करार डिसेंबरअखेर संपत होता. ट्रॅक्टर विकायचा आणि घर रिकामं करायचं, एवढ्या कामासाठी मिस्त्री आले होते.

बाराव्या दिवशी सकाळी शेजारचा टोनिस ट्रॅक्टर बघायला आला. त्याची सफरचंदांची बाग होती. साठीचा, उंच, हातांच्या भेगांत कायमचं काळं तेल बसलेलं. ते हात बघून मिस्त्रींना तो एकदम आपला माणूस वाटला. निशिगंधा शेडच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. टोनिसनं इंजिन चालू केलं, क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेला तर कर्रकन आवाज आला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. त्यानं मान हलवली.

"कोपेलिंग प्लाक्ट," तो म्हणाला.

"काय म्हणतोय?" मिस्त्रींनी विचारलं.

"क्लच चिकटतोय म्हणतोय," निशिगंधा म्हणाली. सांगता सांगता तिचा आवाज बसला.

टोनिसनं तिच्याकडे एकदा बघितलं, टोपी सारखी केली आणि निघून गेला. मिस्त्री मात्र तिथेच उभे राहिले. वर्कशॉपात याला म्हणायचे, क्लच सुटत नाही. पेडल तळाला टेकलं तरी आतल्या प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत आणि गाडी आपली पुढे सरकत राहते. हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा तरी उच्चारलं असेल. आज ते त्यांच्या मनात आलं आणि तिथेच अडकलं. क्लच जर सुटत नसेल, तर पाय सुटलाच नसेल.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते शेडमध्ये गेले. बाहेर गवत पांढरं पडलं होतं. त्यांनी आधी पेडलची ढील बघितली, दोन बोटं, जितकी हवी तितकीच. दांडा सरळ, पिना शाबूत. मग मागची दोन्ही चाकं जॅकनं उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवली आणि उजव्या टायरवर खडूची एक उभी रेघ मारली. राहिलं पेडल दाबून धरायचं काम. त्यांनी एक फळी मापात कापली आणि सीट आणि पेडल यांच्यामध्ये ठोकून घट्ट बसवली. पेडल तळाला टेकलं. ट्रॅक्टर मागच्या गिअरमध्ये टाकून त्यांनी चावी फिरवली.

रेघ हलली. आधी सावकाश, मग न थांबता वर गेली, पलीकडे उतरली, खालून पुन्हा आली. फळी जागची हलली नव्हती. लाकडाचा पाय काही सुटत नाही.

मिस्त्री खाली बसले. दहा महिने ज्या पोरीच्या पायांना त्यांनी मनातल्या मनात दोष दिला होता, तिचे पाय त्या सकाळी जिथे असायला हवे होते तिथेच होते. त्यांना रडू आलं आणि त्या रडण्यात आनंदही होता, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं. अर्ध्या तासानं इंजिन चांगलं तापलं तशी रेघ मंदावली आणि थांबली. आता पेडल दाबलं की चाक सुटत होतं. गरम गॅरेजातल्या त्या माणसाला काय दिसलं असेल ते मिस्त्रींना बरोबर कळलं. थंडीत चिकटतो आणि तापल्यावर सुटतो, म्हणजे दोष तेलाशी आहे. हे कळायला मिस्त्री असायची गरज नव्हती.

क्लचच्या खालचा बोल्ट त्यांनी सैल केला. एसटीच्या क्लचला तेल म्हणजे विष, एक थेंब लागला तरी प्लेटा बाद. इथे बोल्ट निघताच तेलाची धारच लागली. "सील गेलंय," मिस्त्री मोठ्यानं म्हणाले आणि समाधानानं मान डोलावली. मागचं सील फुटलं, गिअरबॉक्सचं तेल क्लचमध्ये उतरलं, सगळं जुळत होतं. जुन्या रबराची चूक. कोणा माणसाची नाही.

तेवढ्यात त्यांच्या नाकाला वास लागला.

तो वास मिस्त्रींनी झोपेतसुद्धा ओळखला असता. जाड, उग्र, गंधकाचा. त्यांनी दोन बोटांत तेल चोळलं. थंडीत ते मधासारखं ओढलं जात होतं. वर्कशॉपात हे गिअर ऑईल कोणी नावानं मागायचं नाही, नुसतं नव्वद म्हणायचे. गिअरबॉक्सला नव्वद, मागच्या गोळ्याला, म्हणजे डिफरन्शियलला, नव्वद. चौतीस वर्षं त्यांच्या कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्याला हाच वास यायचा. त्यांनी बोटं फडक्याला पुसली आणि बराच वेळ पुसतच राहिले.

संध्याकाळी निशिगंधा दुसऱ्याच्या ग्रीनहाउसमधल्या नोकरीवरून सायकलनं घरी आली. शेडचं दार उघडं बघून तिनं विचारलं, तेव्हा मिस्त्री "सील गेलंय, क्लचमध्ये तेल उतरलंय" एवढंच म्हणाले. तिनं टोनिसला फोन केला, ट्रॅक्टरचं मॉडेल सांगितलं, आणि त्याच्या ओळखीतून कुठून तरी इंग्रजीतलं सर्व्हिसचं पुस्तक मिळवलं. ट्रॅक्टरबरोबर आलेलं पुस्तक जपानीत होतं. हे नवं पुस्तक ती लॅपटॉपवर उघडून बसली.

"बाबा, सील नाही गेलेलं. याचा क्लच तेलातच असतो. वेट क्लच."

"ओला क्लच?" मिस्त्री म्हणाले. "स्कूटरला असतो तसा? ट्रॅक्टरला?"

"हो, इथे तसंच लिहिलंय. गिअर, अवजार उचलणारी लिफ्ट आणि क्लच, तिघांना एकच तेल. पातळ." ती वाचत होती, शब्दाशब्दाला थांबून. "गिअर ऑईल वापरू नये. जाड तेलामुळे थंडीत प्लेटा सुटत नाहीत, पेडल दाबूनही ट्रॅक्टर चालत राहू शकतो." तिनं वर बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा. आत कुठलं तेल आहे?"

"बघावं लागेल," मिस्त्री म्हणाले.

"केतन तुम्हाला काही बोलला होता? त्यानं तेल बदललं होतं ना मागच्या डिसेंबरात?"

"नाही. मला नाही बोलला."

ती बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून रोज त्रिशरण आणि पंचशील म्हणायची. तिच्या मागे बसून मिस्त्रीही म्हणायचे. त्या दिवशी चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, त्यांचे ओठ हलले पण आवाज फुटला नाही. निशिगंधा एकटीच पुढे म्हणत गेली.

आपल्या खोलीत जाऊन त्यांनी मोबाइल काढला. केतनचं चॅट त्यांनी जानेवारीपासून उघडलं नव्हतं. ते वर सरकवायची गरजसुद्धा पडली नाही. मुलगा वडिलांना फार लिहायचा नाही, फोनच करायचा. डिसेंबरात त्यानं फोन केला होता. "बाबा, गिअरबॉक्सचं ऑईल बदलतोय. पुस्तक जपानीत आहे, काही कळत नाही. कुठलं घालू?" मिस्त्री तेव्हा जेवत होते. ट्रॅक्टर कुठला, कसला, काही न विचारता ते म्हणाले होते, "डोळे झाकून नव्वद घाल." तासाभरानं दुकानातून फोटो आला होता. कॅनचं लेबल, त्यावर ठेवलेलं केतनचं बोट, आणि खाली, "हेच ना बाबा?"

त्याच्याखाली मिस्त्रींनी पाठवलेला अंगठा होता. पिवळा, ताठ, मोठा.

मग एक दिवस केतन सहज म्हणाला होता की सकाळी सकाळी गिअर टाकताना कडकड होते आणि लिफ्टही कण्हत वर येते. मिस्त्रींनी सांगितलं होतं, थंडीचं होतं तसं, चालवून चालवून बसेल. दोन्ही वेळा त्यांनी ट्रॅक्टर बघितलेला नव्हता. दोन्ही वेळा पोरानं त्यांचं ऐकलं होतं. पीएचडी झालेला, हजारो रोगांची नावं तोंडपाठ असलेला पोरगा, पण ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याला आपल्या बापापलीकडे कोणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

त्यानंतरचे सहा दिवस मिस्त्रींनी जे केलं, त्याला दुरुस्ती म्हणायची की पळवाट, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी नव्वद सगळं काढलं आणि टोनिसकडून पुस्तकातलं पातळ तेल आणून भरलं. दुसऱ्या सकाळी फळी बसवून चावी फिरवली. रेघ हलली. अगदी सावकाश, पण हलली.

मिस्त्रींच्या छातीवरचा दगड उतरला. तेल बदललं तरी फिरतंय! म्हणजे प्लेटा वाकल्या असणार, आधीच वाकल्या असणार, जपानहून आला तेव्हापासून. म्हणजे नव्वद घातलं नसतं तरी झालंच असतं. ते इथेच थांबले असते तर कोणी काही विचारलं नसतं. पण चौतीस वर्षांची सवय त्यांना थांबू देईना. प्लेटा वाकल्यात असं म्हणायचं तर त्या काढून बघायला हव्यात. आणि त्यांना बघायच्याच होत्या, कारण त्या वाकलेल्या निघाव्यात एवढी एकच इच्छा त्यांच्याजवळ उरली होती.

टोनिस साखळीचा हॉइस्ट आणि चाकांचा जॅक घेऊन आला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि तिची गरजही पडली नाही. एकानं पाना धरला की दुसरा बोल्ट धरायचा. दोन दिवसांत त्यांनी ट्रॅक्टर मधोमध उघडला, इंजिन एका बाजूला, गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला, आणि मधून क्लचच्या प्लेटा बाहेर काढल्या. पाच घर्षणाच्या आणि त्यांच्यामध्ये पोलादाच्या. मिस्त्रींनी खिडकीची एक जाड काच स्वच्छ पुसली आणि एकेक प्लेट तिच्यावर ठेवून कडेनं पातळ पत्ती सरकवून बघितली. जिथे प्लेट वाकली असेल तिथे पत्ती आत शिरते. पहिलीखाली शिरली नाही. दुसरीखालीही नाही. शेवटचीपाशी मिस्त्रींनी पत्ती इतकी जोरात दाबली की तीच वाकली. टोनिसनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. प्लेटा चांगल्या आहेत, हे सांगायला ठेवला होता बिचाऱ्यानं.

प्लेटांच्या खाचांत जुनं नव्वद गोंदासारखं बसलेलं होतं. तेच पातळ तेलातही चिकटत होतं. मिस्त्रींनी प्रत्येक प्लेट रॉकेलमध्ये धुतली, आणि हात आपोआप फडक्याकडे गेला, कोरड्या करायला. मग पुस्तकातलं आठवून त्यांनी त्या नव्या तेलाच्या बादलीत बुडवून ठेवल्या. रात्रभर मुरायला लागतात त्या. दोन दिवस जोडण्यात गेले. सहाव्या सकाळी ट्रॅक्टर पुन्हा अखंड उभा होता.

उणे चार. त्यांनी चाकं उचलली, रेघ ताजी केली, फळी बसवली आणि चावी फिरवायच्या आधी क्षणभर थांबले. आयुष्यभर त्यांनी गाडी दुरुस्त व्हावी म्हणून देवाचं नाव नाही घेतलं, हातांवर भरवसा ठेवला. आज त्यांना वाटलं, फिरू दे. माझं काम वाया जाऊ दे, चाक फिरू दे.

चाक फिरलं नाही. इंजिन धडधडत होतं आणि रेघ जिथे होती तिथेच होती.

निशिगंधा सायकल काढत होती. मिस्त्रींनी शेडच्या दारातून हाक मारली. ती उंबऱ्यापर्यंत आली. त्यांनी हात पुढे केला तशी तिनं तो धरला आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा आत पाऊल टाकलं.

"हे लाकूड बघ," मिस्त्री म्हणाले. "पेडल तळाला टेकलंय. गिअर मागचा आहे. चाक उभं आहे, दिसतंय? सहा दिवसांपूर्वी हेच लाकूड असंच ठोकलेलं होतं आणि चाक फिरत होतं. थंडीत, जुन्या तेलावर." त्यांनी लाकडावर हात ठेवला. "तुझा पाय सुटला नव्हता, पोरी. क्लच सुटला नव्हता."

निशिगंधा चाकाकडे बघत राहिली. मग एकदम बोलायला लागली, कोणी विचारल्यासारखी.

"दोन्ही पाय होते, बाबा. ट्रॅक्टर थांबेना म्हणून मी दुसरा पायपण क्लचवरच ठेवला. उभी राहिले पेडलवर. ब्रेक सुचलाच नाही मला, वाटलं मीच नीट दाबत नाहीये. मी सगळ्यांना सांगितलं होतं पहिल्या दिवशी. मग सगळे म्हणायला लागले, शॉकमध्ये आठवत नाही नीट. मलाही वाटायला लागलं की नसेल आठवत." ती खाली बसली आणि रडली. दहा महिने तिला जसं रडता आलं नव्हतं तसं रडली. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं.

इथे थांबता आलं असतं. तेल चुकीचं होतं, एवढं खरं पुरलं असतं. पण निशिगंधानंच डोळे पुसत विचारलं, "म्हणजे केतननं चुकीचं तेल घातलं?" आणि मिस्त्रींना दिसलं की आता हे ओझं मेलेल्या पोराच्या डोक्यावर जाणार.

"त्यानं नाही. मी," ते म्हणाले. "त्यानं मला विचारलं होतं. मी तुझ्याशी खोटं बोललो त्या दिवशी."

त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं फोटो बघितला. कॅनवरचं केतनचं बोट तिनं स्क्रीनवर मोठं करून बघितलं, नखापर्यंत. मग खालचा अंगठा बघितला. मिस्त्री वाट बघत होते. तिनं ओरडावं, मोबाइल भिंतीवर आपटावा, काहीही करावं.

"रोज अंघोळीला गेले की मी हा पाय बघायचे," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिनं लपवला नाही. "दहा महिने. आणि तुम्ही आल्यापासून तुम्ही तो बघायचा टाळत होतात. तेही दिसत होतं मला."

"हो."

"मला आत्ता तुमच्याशी बोलता येणार नाही, बाबा."

ती उठली. दारापाशी जाऊन थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "आईंना सांगू नका हे. माझंच नाव राहू दे."

"का? असं का म्हणतेस?"

"त्यांना तुमच्याबरोबर राहायचंय. माझ्याबरोबर नाही."

ती घरात गेली. कामावर गेलीच नाही. मिस्त्री ट्रॅक्टरच्या पायरीवर बसले आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. राधा काही जाणणार नाही. घरी गेल्यावर ती पूर्वीसारखाच चहा देईल, रात्री गोळ्यांची आठवण करील, दोघं मिळून एका पोराला रडतील. हे सगळं त्यांना त्या पोरीनं फुकटात देऊ केलं होतं, आणि ते घ्यायला आपला हात पुढे होतोय हे त्यांनी बघितलं. तेव्हा त्यांना स्वतःची जी किळस आली, तशी तो अंगठा बघूनही आली नव्हती.

नाशिकला दुपारचा दीड वाजला होता. राधाबाईंनी लगेच फोन उचलला.

"जयभीम. जेवलात का? ट्रॅक्टर गेला का विकला?"

"राधा, बस जरा," मिस्त्री म्हणाले आणि मग एका दमात सगळं सांगितलं. क्लच, थंडी, तेल, डिसेंबरातला तो फोन, तो फोटो, तो अंगठा. त्यांनी एकही शब्द मऊ केला नाही. "तिचा पाय जागेवर होता. दोन्ही पाय होते. मी न बघता सांगितलं आणि आपल्या पोरानं ऐकलं."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी. कोणी उठून गॅस बंद केला नाही.

"राधा?"

"फोन तिला द्या," राधाबाई म्हणाल्या.

ते घरात गेले. निशिगंधा टेबलाशी बसली होती. मिस्त्रींनी मोबाइल तिच्या पुढ्यात ठेवला, "आई आहे," एवढंच म्हणाले, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आतून निशिगंधाचा हुंदका आला, मग मोबाइलमधून राधाबाईंचा आवाज, मोठा, फाटलेला, "माफ कर गं, माझ्या बाई, माफ कर मला," आणि मग दोघी एकदमच रडायला लागल्या, कोण काय बोलतंय ते कळेनासं झालं. मिस्त्री दाराबाहेरच्या थंडीत उभे राहिले. बरंच रडून झाल्यावर आवाज हळू झाले. दोघी बोलत होत्या. त्यात एकदा केतनचं नाव आलं आणि निशिगंधा चक्क थोडंसं हसली.

पाऊण तासानं दार उघडलं. तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. फोन बंद केलेला होता.

"काही म्हणाली का?" मिस्त्रींनी विचारलं. "माझ्याबद्दल?"

निशिगंधानं त्यांच्याकडे बघितलं. आता तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तुमचं नावच काढलं नाही त्यांनी."